हागुरो, बारा ते चार

अंदमानला गेलो होतो त्याला आता काही वर्षं झाली. आमच्या बसमध्ये अडतीस जण, सगळे ठाणे-डोंबिवली-पुण्याचे. सेल्युलर जेलमध्ये सावरकरांच्या कोठडीसमोर सगळे गप्प उभे राहिले, दोघीतिघींनी डोळे पुसले, आणि मग कॉर्बिन्स कोव्हच्या किनाऱ्याकडे जाताना रस्त्याच्या कडेला जपान्यांचे काँक्रीटचे बंकर आले. टूर मॅनेजरने बसच्या खिडकीतूनच बोट दाखवलं. मी म्हटलं, दोन मिनिटं थांबवा. बायको म्हणाली, "अहो, बंकर काय बघायचाय? लोकांना आंघोळ करून जेवायचंय."

मी उतरलोच. आत विशेष काही नव्हतं. ओल, शेवाळ, कोणीतरी कोरलेलं बदामातलं नाव, आणि समुद्राकडे उघडणारी एक आडवी फट. त्या फटीतून बघताना मला एका जहाजाची आठवण झाली. ते जहाज इथे यायला निघालं होतं आणि पोहोचलं नाही. बसमध्ये परत बसल्यावर बायकोला ते सांगायला सुरुवात केली, पण तोवर तिने मागच्या सीटवरच्या बाईंशी लोणच्याचा विषय काढला होता. म्हणून इथे लिहितो.

मी बत्तीस वर्षं मर्चंट नेव्हीत इंजिन रूममध्ये काढली. युद्धनौकेवर कधी काम केलं नाही. त्यामुळे लढाया वाचतानाही माझं लक्ष आधी बॉयलरकडे जातं, मग ॲडमिरलकडे. वाचणाऱ्यांनी एवढं सांभाळून घ्यावं.

जहाजाचं नाव हागुरो. जपानी नौदलात हेवी क्रूझरना डोंगरांची नावं देत आणि हलक्या क्रूझरना नद्यांची. आपल्याकडेही नीलगिरी, शिवालिक, सह्याद्री अशी फ्रिगेटना नावं आहेतच. हागुरो हा यामागाता प्रांतातला जेमतेम ४१४ मीटरचा डोंगर. वर देवस्थान, आणि तिथे जायला देवदाराच्या उंच झाडांमधून २४४६ दगडी पायऱ्या. जेजुरी-सप्तशृंगीवाल्यांना ही भक्ती समजावून सांगायला नको.

म्योको वर्गातल्या चार बहिणी : म्योको, नाची, आशिगारा आणि हागुरो. हागुरो नागासाकीच्या मित्सुबिशी गोदीत बांधली. १९२५ च्या मार्चमध्ये कील, म्हणजे तळाचा कणा, पडली, १९२८ च्या मार्चमध्ये पाण्यात उतरली, १९२९ च्या एप्रिलमध्ये नौदलात आली. त्याआधी १९२२ मध्ये वॉशिंग्टनला मोठ्या नौदलांचा करार झाला होता : क्रूझर १०,००० टनांपेक्षा जड नको आणि तोफेचं तोंड २०३ मिलिमीटरपेक्षा मोठं नको. शांततेसाठी घातलेली ही मर्यादा. झालं उलटंच. प्रत्येक देशाने ठरवलं की दहा हजार म्हणजे दहा हजारच, एक टनही कमी नाही, आणि त्यात मावेल तेवढं कोंबायचं.

कोंबण्याच्या या विद्येतले जपानचे गुरू म्हणजे युझुरू हिरागा. माणूस हट्टी म्हणून प्रसिद्ध होता, पण त्याचं काम बघून माझ्यासारख्याला हात जोडावेसे वाटतात. इतरत्र चिलखताचे पत्रे जहाजाच्या अंगावर वरून चढवत, म्हणजे सदऱ्यावर स्वेटर. हिरागाने चिलखत हाच सांगाड्याचा भाग केला. १०२ मिलिमीटर जाडीचा तिरका पट्टा गोळाही अडवायचा आणि जहाजाचा कणाही ताठ ठेवायचा. एकाच पोलादाकडून दोन कामं. डेकची रेषाही त्याने सरळ ठेवली नाही. पुढे उंच, मग हळूहळू खाली, लाटेसारखी. दिसायला डौल, पण कारण वजनाचं : जिथे उंचीची गरज नाही तिथे पोलाद नाही.

या अंगावर पाच बुरूज आणि प्रत्येकात दोन, अशा दहा तोफा. आत बारा बॉयलर, चार शाफ्ट, १,३०,००० अश्वशक्ती, पस्तीस नॉट्स, म्हणजे तासाला पस्तीस सागरी मैल. आमच्या मालवाहू जहाजावर बारा-तेरा हजार अश्वशक्तीचं एकच इंजिन असायचं आणि चौदा नॉट्स मिळाले की चीफ खुश. एक लाख तीस हजार! त्या बॉयलर रूममध्ये किती उकडत असेल याची कल्पना मी करू शकतो, आणि करायची नाही असं ठरवतो.

मग टॉर्पेडोची भानगड. हिरागाचं म्हणणं होतं की या जहाजावर टॉर्पेडो नकोतच. पोटात टॉर्पेडो म्हणजे स्वतःच्या घरात दारूचं कोठार. एक गोळा तिथे लागला की संपलं. नौदलाच्या वरिष्ठांना मात्र टॉर्पेडो हवेच होते. अमेरिकेच्या मोठ्या आरमाराला गाठायचं तर रात्रीच्या अंधारात, जवळ जाऊन, टॉर्पेडोने, हा त्यांचा सगळा युद्धविचार. हिरागाला परदेश दौऱ्यावर पाठवलं आणि त्याच्या पाठीमागे नकाशात बारा नळ्या घातल्या गेल्या. सरकारी खात्यात काम केलेल्या कोणालाही ही पद्धत ओळखीची वाटेल. पुढे १९३० च्या दशकात त्या काढून डेकवर फिरत्या नळ्या बसवल्या, शेवटी सोळा झाल्या.

परिणाम व्हायचा तो झाला. दहा हजार टनांचं जहाज अकरा हजारांच्या पुढे गेलं आणि ठरल्यापेक्षा खोल बसलं. चिलखताचा पट्टा ज्या उंचीवर हवा त्याच्या खाली गेला. मग डागडुजीत बाजूंना फुगे, म्हणजे पोलादाचे पोकळ फुगवटे, लावले, म्हणजे आणखी वजन, म्हणजे वेग कमी. आमच्या धंद्यात म्हणतात की वजन कधी एकटं येत नाही.

टॉर्पेडोबद्दल एक सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही. जपान्यांचा टाइप ९३, ज्याला पुढे अमेरिकन इतिहासकारांनी लाँग लान्स नाव दिलं, तो साध्या हवेवर नव्हे तर शुद्ध ऑक्सिजनवर चालायचा. हवेत चार पंचमांश नायट्रोजन, तो जळत नाही, नुसते बुडबुडे होऊन मागे पांढरी रेघ सोडतो. ऑक्सिजन घेतला की रेघ जवळजवळ नाही आणि पल्ला अफाट : पन्नासच्या आसपास नॉट्सने वीस किलोमीटर, वेग कमी ठेवला तर चाळीस. पुढे जवळपास अर्धा टन स्फोटक. इतरांनीही ऑक्सिजनचा नाद करून पाहिला होता, पण तो माणसं खातो. जहाजावर गॅस वेल्डिंग शिकताना पहिल्या दिवशी आम्हाला फिटरने दम दिला होता : ऑक्सिजनच्या सिलिंडरला तेलकट हात लावलास तर बघ. तेल आणि दाबाखालचा ऑक्सिजन भेटले की ठिणगीचीही वाट बघत नाहीत. जपान्यांनी उपाय काढला तो इतका साधा की राग यावा. इंजिन आधी हवेवर सुरू करायचं आणि मग हळूहळू ऑक्सिजनवर न्यायचं. नळ्यांना काटकोनी वळणं ठेवायची नाहीत आणि आतून तेलाचा अंश राहू द्यायचा नाही. मोठ्या शोधाच्या पोटात बहुतेक वेळा असं एखादं सफाईचं काम असतं.

२७ फेब्रुवारी १९४२ ला जावा समुद्रात हे सगळं वसूल झालं. डच ॲडमिरल कारेल डोरमन डच, ब्रिटिश, अमेरिकन आणि ऑस्ट्रेलियन जहाजांची मोट बांधून जावाकडे येणारा जपानी ताफा अडवायला निघाला होता. चार देशांची जहाजं, एकत्र सराव नाही, सिग्नलची भाषा एक नाही. समोर नाची आणि हागुरो. संध्याकाळी हागुरोचा एक गोळा ब्रिटिश क्रूझर एक्झेटरच्या बॉयलर रूममध्ये जाऊन फुटला. आठपैकी सहा बॉयलर गेले, चौदा माणसं गेली. वेग पडला, एक्झेटर रांगेतून वळली, मागच्यांना वाटलं वळण्याचा हुकूम आहे, तीही वळली, आणि सगळी रांग विस्कटली. त्यातच हागुरोच्या टॉर्पेडोने डच विनाशिका कोर्टेनार मधोमध मोडली.

रात्री साडेअकराच्या सुमाराला परत गाठ पडली. नाचीने आठ टॉर्पेडो सोडले, हागुरोने चार. नाचीचा जावा नावाच्या क्रूझरला लागला, हागुरोचा डोरमनच्या डी रॉयटरला. दोन्ही बुडाल्या, डोरमनही गेला. जपान्यांकडे त्या रात्री रडार नव्हतं. मोठ्या दुर्बिणी होत्या, आणि अंधारात बघण्यासाठी महिनोन्‌महिने घासून तयार केलेली पोरं. दोनच दिवसांनी, १ मार्चला, पळू पाहणाऱ्या एक्झेटरला चारही बहिणींनी मिळून घेरलं आणि तीही संपली.

त्यानंतरची दोन-अडीच वर्षं मी भराभर सांगतो, कारण हागुरो सगळीकडे होती आणि कुठेच ठळक नाही. मे १९४२ मध्ये कोरल समुद्र. मग मिडवेच्या मागच्या फळीत. तिथे एक गोष्ट झाली ती हिरागाच्या बाजूने साक्ष देणारी : मोगामी आणि मिकुमा या क्रूझरवर विमानं तुटून पडली तेव्हा मोगामीने आपले टॉर्पेडो आधीच समुद्रात टाकून दिले होते, ती वाचली. मिकुमाने ठेवले, ते तिच्या पोटात फुटले. १९४३ च्या नोव्हेंबरमध्ये एम्प्रेस ऑगस्टा उपसागरात अमेरिकन रडारसमोर रात्रीच्या लढाईची जपानी मिजास उतरली. म्योको तर स्वतःच्याच एका विनाशिकेवर आदळली. १९ जून १९४४ ला फिलिपाइन्सच्या समुद्रात विमानवाहू ताइहो बुडाली आणि ॲडमिरल ओझावा हागुरोवर आला, दुसऱ्या दिवशी दुसऱ्या जहाजावर गेला. एका दिवसाची फ्लॅगशिप. ऑक्टोबरमध्ये सामारच्या लढाईत तिच्या दुसऱ्या बुरुजावर बॉम्ब पडला.

आणि मग सिंगापूर. १९४५ पर्यंत जपानी आरमारातलं जे दक्षिणेत उरलं ते तिथे साठलं होतं. म्योको आणि ताकाओ नावाची आणखी एक क्रूझर जायबंदी, चालती हागुरो आणि आशिगारा. ही आशिगारा १९३७ मध्ये इंग्लंडच्या राजाच्या राज्याभिषेकानंतरच्या स्पिटहेडच्या नौदल संचलनाला गेली होती आणि तिथल्या लोकांनी तिला भुकेल्या लांडग्याची उपमा दिली होती. आता भुकेले खरोखर दुसरेच होते.

अंदमान जपान्यांनी २३ मार्च १९४२ ला घेतलं. ३० डिसेंबर १९४३ ला नेताजींनी पोर्ट ब्लेअरला तिरंगा फडकवला, हे आपल्याकडे सगळ्यांना ठाऊक असतं. त्यानंतर महिनाभरात, ३० जानेवारी १९४४ ला, हेरगिरीच्या संशयावरून हम्फ्रीगंजला ४४ जणांना गोळ्या घातल्या, हे फार थोड्यांना. दोस्तांच्या पाणबुड्यांनी समुद्र बंद केल्यावर बेटांवर धान्य येईना. जपानी शिबंदीचे हाल होते आणि स्थानिकांचे त्याहून वाईट. शेवटी शेवटी, ऑगस्ट १९४५ मध्ये, शेकडो लोकांना शेतीला नेतो म्हणून बोटींत घातलं आणि हॅवलॉककडे समुद्रात ढकललं. ज्या हॅवलॉकला आमच्या बसमधली मंडळी दुसऱ्या दिवशी ग्लास बॉटम बोटीत बसायला गेली, तेच.

तर या शिबंदीला शिधा पोचवायचा आणि परत येताना सैनिक उचलून आणायचे, असं काम निघालं. मालवाहू जहाजं जवळजवळ उरली नव्हती. म्हणून हागुरो. जागा करायला तिचे टॉर्पेडो उतरवले. ज्या टॉर्पेडोंसाठी हिरागाला दौऱ्यावर पाठवलं, ज्यांच्या वजनासाठी करार मोडला, चिलखत पाण्याखाली गेलं, फुगे लावले, ते सगळे सिंगापूरच्या धक्क्यावर, आणि त्यांच्या जागी पोती आणि पेट्या. मला हे वाचून त्या जहाजाच्या चीफ इंजिनिअरचा चेहरा दिसतो. लोडिंग झाल्यावर ड्राफ्ट, म्हणजे जहाज पाण्यात किती खोल बसलं ते, बघायला तोही आला असेलच की.

सोबतीला एकच जुनी विनाशिका, कामिकाझे. (आत्मघातकी विमानांशी संबंध नाही. हे नाव तिला आधीपासूनचं.) जहाजावर ॲडमिरल हाशिमोतो, कप्तान सुगिउरा. ९ मे १९४५ ला निघाल्या, ब्रिटिश पाणबुड्यांनी हेरलं, परत फिरल्या. १४ मेला पुन्हा निघाल्या. १५ ला ब्रिटिश विमानांनी गाठलं, बॉम्ब टाकले, फार नुकसान नाही, पण आता सगळ्यांना पत्ता कळला होता. हागुरोने पुन्हा तोंड फिरवलं, मलाक्का सामुद्रधुनीच्या दिशेने, घरी.

तिला कापायला पाच ब्रिटिश विनाशिका धावत होत्या : सॉमारेझ, व्हीनस, व्हेरुलम, व्हिजिलंट, व्हिरागो. कमांडर कॅप्टन मॅनली पॉवर. रात्री पावणेअकराच्या सुमाराला व्हीनसच्या रडारवर एक ठिपका दिसला, चौतीस मैलांवर. एवढ्या लांबचं त्या रडारला दिसायचं नाही, म्हणून कोणाला लगेच खरं वाटेना. ढग असेल, पाऊस असेल. पण ठिपका चालत होता.

माझं यावर एक मत आहे. मलाक्काच्या तोंडाशी हवा दमट आणि कोमट असते, थर साचतात, आणि रडारच्या लहरी वर निघून जायच्याऐवजी समुद्राच्या कडेकडेने वाकून लांब जातात. आमचे मेट लोक, म्हणजे ब्रिजवरून जहाज चालवणारे अधिकारी, त्या भागात नेहमी सांगत, आज रडारला भुतं दिसताहेत. व्हीनसला दिसलेलं भूत खरं निघालं.

पॉवरने पाच जहाजं पसरून फास टाकला : पाचही बाजूंनी एकदम, रात्री एकला, टॉर्पेडो. ठरलं तसं काही झालं नाही. हागुरोला सुगावा लागला, ती वळली, परत वळली. व्हीनस नेमकी समोर आली तेव्हा तिच्या नळ्या भलत्याच बाजूला, संधी गेली. पाऊस, वीज, पुन्हा पाऊस. कामिकाझे सॉमारेझला घासून जाता जाता राहिली. मग सॉमारेझसमोर हागुरो अचानक एवढी जवळ आली की तिच्या तोफांच्या गोळ्यांनी उडालेलं पाणी डेकवर कोसळायला लागलं. एक गोळा सॉमारेझच्या बॉयलर रूममध्ये घुसला. वाफेची मुख्य नळी तुटली, दोघं गेले. पण गोळा फुटला नाही.

इथे मी दर वेळी थांबतो. एक्झेटरच्या बॉयलर रूममधला फुटला, सॉमारेझमधला नाही. वाफेच्या नळीने भाजलेला माणूस मी एकदा पाहिला आहे, ते इथे लिहीत नाही. एवढंच की सॉमारेझच्या खाली असलेल्यांनी वाफ तोडली, उरलेल्यावर जहाज चालवलं, आणि वरच्यांनी त्याच गडबडीत आठ टॉर्पेडो सोडले. दुसऱ्या बाजूने व्हेरुलमने आठ. हागुरोवर पाण्याचे तीन खांब उभे राहिले. मग बाकीच्यांनी तासभर हवे तसे मारले. दोन वाजून गेल्यावर ती बुडाली, पेनांगच्या नैर्ऋत्येला पन्नास-पंचावन्न मैलांवर. रात्री टॉर्पेडो मारण्यासाठी जन्माला घातलेलं जहाज रात्री टॉर्पेडोने गेलं, स्वतःकडे एकही टॉर्पेडो नसताना. नऊशेच्या आसपास माणसं बुडाली, ॲडमिरल आणि कप्तान धरून. कामिकाझे निसटली, पण नंतर तिथे परत आली आणि सव्वातीनशेच्या आसपास लोक तिने पाण्यातून काढले.

बाकी बहिणींपैकी नाची आधीच मनिलाच्या उपसागरात गेली होती. आशिगारा ८ जूनला सैनिक घेऊन येताना बांका सामुद्रधुनीत ब्रिटिश पाणबुडीला सापडली. म्योको युद्ध संपेपर्यंत सिंगापूरला पडून राहिली. १९४६ मध्ये ब्रिटिशांनी तिला ओढत नेऊन मलाक्कातच बुडवली. डी रॉयटर आणि जावा या डच क्रूझर तळावर नाहीतच, हे २०१६ मध्ये डायव्हरनी खाली जाऊन पाहिल्यावर कळलं. भंगारवाल्यांनी आख्ख्या उचलून नेल्या होत्या. मुंबईत दारूखान्याच्या भंगारबाजारात काँडेन्सरच्या पितळी नळ्या आणि ब्राँझचा प्रोपेलर कोणत्या भावाने जातो हे माहीत असलेल्या माणसाला आश्चर्य वाटत नाही. तरी वाईट वाटतं. हागुरो २००३ मध्ये डायव्हरना सापडली, सदुसष्ट मीटरवर.

त्याच्या बरीच वर्षं आधी मी तिच्यावरून गेलो आहे. तेव्हा मी थर्ड इंजिनिअर होतो, कोळसा घेऊन जाणारं जहाज, बारा ते चारचा वॉच, म्हणजे पाळी. सेकंड मेटही बारा-चारलाच असतो. आमचा गोव्याचा होता, युद्धाच्या पुस्तकांचा किडा. रात्री एकच्या सुमाराला त्याने ब्रिजवरून फोन केला, "पात्रांव, चहा घेऊन वर ये, एक गंमत दाखवतो." मोटरमनला पाच मिनिटं सांभाळ सांगून मी वर गेलो. जाऊ नये खरं तर. चार्टवर त्याने पेन्सिलने एक बारीक फुली मारली होती. पुस्तकातून अक्षांश-रेखांश काढून. बाहेर काळोख, लांब सुमात्राच्या बाजूला विजा, आवाज नाही. त्याने मला दहा मिनिटांत सगळं सांगितलं, व्हीनसच्या ठिपक्यापासून. मी विचारलं, पाण्यात पडलेले किती तास होते? तो म्हणाला, सकाळपर्यंत तरी.

खाली आलो. समुद्राच्या पाण्यावर चालणारे इंजिनचे कूलर त्रास देत होते, त्या भागात देतातच. चारला सेकंड इंजिनिअर आला, बॉयलर सूटची बटणं लावत. लॉगबुक बघून म्हणाला, सी वॉटर टेम्परेचर एवढं? मी म्हटलं, हो, एकतीस आहे. दोनदा बघितलं.